बोळातला बंब

हसू नका, पण मी बंब बोलतोय. तांब्याचा, ठोक्याचा, अंघोळीचं पाणी तापवायचा बंब. सातपूरच्या एका कॉलनीत, दोन घरांच्या मधल्या अरुंद बोळात मी उभा आहे. एका अंगाला यशोदाबाईंची भिंत, दुसऱ्या अंगाला मालनबाईंची. माझ्या डोक्यावर हातभर उंच एक खिडकी आहे. तिच्या आत साक्षी झोपायची, यशोदाबाईंची नात, यंदा तिसरीत गेलेली. आता ती खिडकी बंद असते. ती का बंद आहे, तेवढंच मला सांगायचंय. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नाही.

माझा जन्म भांडी बाजारामागच्या एका तांबटाकडे झाला. माणूस तोंडाळ होता. एक ठोका मारायचा आणि एक शिवी हासडायचा, पण हात असा की पत्रा त्याचं ऐकायचा. त्यानं माझ्या मधोमध नळी बसवली, तिच्या खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. वरून नळीत सरपण टाकायचं, भोवतीच्या पोकळीत पाणी भरायचं. अंगात पाणी आणि पोटात जाळ, असा माझा संसार. मला न्यायला आला तो सहादू. ओझरच्या कारखान्यात कामाला होता. बायको पहिलटकरीण, माहेराहून बाळ घेऊन घरी परतायची होती, आणि बाळाला भरपूर गरम पाणी हवं म्हणून पठ्ठ्यानं मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं.

ती बायको म्हणजे यशोदाबाई, आणि ते बाळ नवनाथ. काय ते दिवस होते हो! पहाटे यशोदाबाई माझ्या जाळीवर काड्या रचायच्या. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षाच्या बागांचं. छाटणी झाली की भाऊ वेलीच्या काड्यांचा भारा आणून टाकायचा. त्या काड्या तडतडत पेटायच्या. डोळ्यांत धूर जायचा, पदरानं डोळे पुसत यशोदाबाई मलाच बोलायच्या, "लय नखरे करतो बाई हा." पण पाणी उतरून घेताना हात असा लावायच्या की मला बरं वाटायचं.

दिवाळीच्या आधी चिंच आणि राख घेऊन बसायच्या आणि मला घासून असा लख्ख करायच्या की येणारा-जाणारा माझ्यात तोंड बघून जायचा. मग गळ्यात झेंडूची माळ, अंगावर हळदीकुंकवाची बोटं. घरातल्या माणसांच्या आधी माझी पूजा. आता तुम्हीच सांगा, अशा बंबाला गर्व होणार नाही तर काय होईल? पुढं कॉलनीत गिझर आले. यशोदाबाई नाक मुरडून म्हणायच्या, त्या डब्यातलं पाणी नुसतं कढत असतं, बंबाचं पाणी अंगात मुरतं. मी आणखी फुगायचो.

नवनाथच्या हळदीची अंघोळ माझ्या पाण्याची. सहादू गेला, तेव्हा खांदेकरी परत आले तेही माझ्याच पाण्यानं न्हायले. त्या दिवशी यशोदाबाईंनी मला पेटवलं नाही, शेजारच्या मालनबाईंनी पेटवलं. आणि वर्षभरात साक्षी झाली. यशोदाबाई पुन्हा काड्या रचायला लागल्या. पाय पसरून, त्यावर पोरीला पालथी घालून तिला न्हाऊ घालायच्या, आणि पोरगी टाहो फोडायची. सहादू गेल्यावर त्या घरात आलेला पहिला मोठा आवाज तोच.

मग दिंडोरीच्या भावानं बाग विकली आणि काड्या बंद झाल्या.

नवनाथ तेव्हा अंबडला फर्निचरच्या एका कारखान्यात लागला होता. तिथं कातरण निघायचं. प्लायवूडचे तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, फोमची चिरफाड, कडांना चिकटवायच्या प्लास्टिकच्या फिती. मालकाला ते उचलून टाकायचा ताप. त्यानं कामगारांना सांगून टाकलं, न्या बाबांनो पोती भरभरून. नवनाथ मोटरसायकलवर पोतं आडवं टाकून आणायचा. यशोदाबाईंना आनंद मावेना. सरपण हवं तेवढं, तेही घरपोच. त्यात त्या दुधाच्या पिशव्या घालायच्या, तुटकी चप्पल घालायच्या, वेफरची पाकिटं घालायच्या. म्हणायच्या, कचराही जातो आणि पाणीही तापतं.

काड्यांचा धूर मला ठाऊक होता. हा धूर वेगळा होता. काळा, चिकट, गोडसर घाण वासाचा. माझ्या नळीत डांबरासारखा थर बसायला लागला. मला मळमळायचं, हो, बंबालाही मळमळतं. पण नको म्हणायला मला कुठं येतं? मला तोंड आहे, पण ते धूर सोडायला. आणि तो धूर बोळात वर चढायचा, दोन भिंतींमध्ये कोंडायचा, आणि साक्षीच्या खिडकीपाशी जाऊन थांबायचा.

पोरीला खोकला लागला तो पहिलीत. आधी सर्दीचा वाटला. मग छातीतून शिट्टी यायला लागली. ती शिट्टी मला खिडकीतून ऐकू यायची. पहाटे मी पेटलो की थोड्या वेळानं ती सुरू व्हायची. स्नेहल, तिची आई, तिला बसतं करून पाठ चोळायची. पोरगी दोन वाक्यांच्या मध्ये थांबायला लागली. पळणं सोडलं, लंगडी सोडली, गल्लीतल्या पोरी खेळायच्या आणि ही पायरीवर बसून गुण मोजायची.

डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर स्नेहल धुण्याच्या दगडापाशी सासूला सगळं सांगत होती, म्हणून मला कळलं. डॉक्टर म्हणाले, बाळदमा आहे. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, घरात कुणी बिडी-सिगरेट ओढतं का. नाही. स्वयंपाक चुलीवर होतो का. स्नेहल म्हणाली, नाही हो डॉक्टर, आमच्याकडे गॅस आहे. आणि ते खोटं नव्हतं. स्वयंपाक गॅसवरच व्हायचा. चूल म्हणजे चूल आणि बंब म्हणजे बंब. मी अंघोळीचा, आणि मला हळदीकुंकू लागतं, त्यामुळे माझं नाव घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग घरात झाडाझडती सुरू झाली. साक्षीचं कापसाचं अस्वल माळ्यावर गेलं. गालिचा गेला. मांजराला नवनाथ लांब मळ्यात सोडून आला, त्यासाठी पोरगी आठवडाभर रुसली. उदबत्ती बंद. केळं बंद, दही बंद. देवापुढचा कापूरसुद्धा बंद झाला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेऊन झाला, आणि मी मात्र बोळात तसाच मानानं उभा.

आणि खरी गंमत पुढंच आहे, गंमत कसली, माझं कपाळ. पोरीची छाती भरली की यशोदाबाई काय करायच्या? मला पेटवायच्या. गरम पाण्यानं शेक, गरम पाण्यात पाय, ओव्याची पुरचुंडी, वाफ. पहाटे मी पेटायचो तो आता संध्याकाळीही पेटायला लागलो. पोर जितकी जास्त घुसमटायची, तितकं आजी माझ्या पोटात जास्त कातरण घालायची. डोळ्यांतून पाणी काढत, देवाचं नाव घेत. उन्हाळ्यातसुद्धा. त्या बाईइतकी माया मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही, आणि ती सगळी माया माझ्याच नळीतून धूर होऊन पोरीच्या छातीत जात होती.

गेल्या चैत्रात माझी तोटी गळायला लागली. नवनाथनं मला भांडी बाजारात नेलं. आता दुकानावर त्या तोंडाळ तांबटाचा नातू बसतो. लग्नसराई होती, त्यानं मला कोपऱ्यात ढकललं आणि आज-उद्या करत महिना काढला. मी परत आलो तेव्हा यशोदाबाई चिंच घेऊन घासायला बसल्या. पण हात चालेना. खिडकीकडे बघत बसल्या होत्या. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू नव्हतास तर पोर झोपली रे. रोज झोपली."



त्यांनी मला पेटवलं नाही. नवनाथला बोलावून म्हणाल्या, गिझर आण. तो म्हणाला, आई, तुला त्या डब्यातलं पाणी आवडत नाही ना? तर म्हणाल्या, "मला काय आवडतं ते राहू दे. पोरीच्या खिडकीखाली जाळ नको." सुनेपुढे त्या कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. स्नेहलनं त्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. उलट म्हणाली, आई, डॉक्टरांना मीच नाही सांगितलं.

गिझर आला. मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही आला. पाऊसभर मी बोळात थंड उभा होतो आणि खिडकीतून शिट्टी ऐकू येत नव्हती. साक्षी पुन्हा लंगडी खेळायला लागली. एकदा तर बोळातून धावत आली आणि माझ्यामागे लपली, लपंडाव चालला होता. धापा टाकत होती, पण त्या खेळण्याच्या धापा. तेवढ्यासाठी मला कुणी आणखी शंभर वर्षं थंड ठेवलं असतं तरी चाललं असतं.

पण कातरणाची पोती येतच होती. मालकाला ती जायला हवी होती, नवनाथला नाही म्हणवेना. आणि यशोदाबाई पडल्या जुन्या वळणाच्या. जळण उकिरड्यावर टाकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांना एवढंच कळलं होतं की बंब खिडकीखाली होता म्हणून पोरीला त्रास झाला. पोत्यात काय आहे, हा विचार त्यांना शिवलाच नाही. खिडकीखालून जाळ हलला, आता काळजी मिटली. मग त्या पोती वाटायला लागल्या. पहिलं मालनबाईंना दिलं. मग समोरच्या फकिराच्या घरी, मग कोपऱ्यावरच्या किशोरकडे. गल्लीत अजून दहा-बारा बंब आहेत. यशोदाबाई स्वतः पोतं ओढत दारात नेऊन ठेवायच्या आणि म्हणायच्या, थंडीला कामी येईल. घराघरात पोत्यांची थप्पी लागली, लोकांनी दुवा दिला. मी बोळातून बघत होतो आणि माझं तांबं गार पडत होतं.

दिवाळी आली. पहिल्या अंघोळीची पहाट. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. साक्षीच्या हट्टापायी आकाशकंदील लावायला खिडकी उघडलेली. यशोदाबाईंनी तिला पाटावर बसवून उटणं लावायला घेतलं. आणि गल्लीतले सगळे बंब एकदम पेटले. फटाकेही होते, खोटं कशाला बोलू. पण तो वास मी ओळखला. गोडसर, घाण, माझ्याच पोटातला जुना वास. मालनबाईंच्या बंबातून, फकिराच्या बंबातून, सगळीकडून आला आणि या बोळात येऊन कोंडला.

पोरीचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप मारला, पुन्हा मारला, श्वास आत जाईना. नवनाथनं तिला तशीच उचलली. स्नेहल मागे बसली, तिला मध्ये धरून. अंगावर उटणं तसंच ओलं. मोटरसायकल गेली आणि यशोदाबाई दारात उभ्या राहिल्या, हाताला उटणं लागलेलं. सबंध गल्लीत धूर भरला होता आणि त्या धुराकडे बघत होत्या. त्यांना कळलं. पोतं पोतं आठवलं असणार त्यांना.

पोर वाचली. ऑक्सिजन लावला, सुया झाल्या, दिवाळी दवाखान्यात गेली. या वेळी डॉक्टरांना यशोदाबाईंनी स्वतः सांगितलं. बंब सांगितला, कातरण सांगितलं, पोती वाटली तेही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, प्लाय आणि प्लास्टिकचा धूर मोठ्या माणसालाही विष आहे, हिला पुन्हा असा झटका येता कामा नये. गल्लीत हे जळतंय तोवर तिला इथं ठेवू नका. मग साक्षीचं दप्तर, फ्रॉक, पंप, सगळं एका पिशवीत भरलं आणि मामा येऊन तिला वणीला घेऊन गेला. माळ्यावरचं अस्वल मात्र तिनं मागितलं तरी दिलं नाही. शाळाही आता तिथलीच.

त्या दिवसापासून यशोदाबाईंचं एकच काम. नवनाथला सांगून पोती आणणं बंद केलं. आणि दारोदार जाऊन सांगायला लागल्या, ते जाळू नका. कुणी ऐकून घेतलं, कुणी तोंड फिरवलं. मी कुणाला वाईट म्हणत नाही. पण या बाईनं स्वतःच आणून दिलेलं जळण आता तीच परत मागते, हे लोकांना वेड लागल्यासारखं वाटत होतं.

मग संक्रांत आली. स्नेहलनं हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. बाहेरची खोली बोळाला लागूनच आहे, मला सगळं ऐकू येत होतं. तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. बायका उठायला लागल्या तेव्हा यशोदाबाई आतून आल्या. विधवा बाई, अशा वेळी त्या कधी पुढे यायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या, आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"आजवर आमी वाण दिलं. या साली माझी झोळी हाय," त्या म्हणाल्या. "मी दिलेली पोती मला परत द्या. माझी नात घरी येऊ द्या."

उठलेल्या बायका पुन्हा टेकल्या. बांगड्यांचा आवाज तेवढा. मग मालनबाई बोलल्या. साक्षीला त्यांनीही कडेवर खेळवलंय, तिच्यासाठी ओव्याच्या पुरचुंड्या करून दिल्यात. त्या म्हणाल्या, यशोदाताई, पोरीसाठी आमचाही जीव तुटतो. पण थंडी किती आहे. आमच्या घरात सात माणसं. आणि धूर कुठं नाही? कंपन्यांचा आहे, गाड्यांचा आहे, मोकळ्या प्लॉटवर रोज कचरा पेटतो. सगळ्या शहरात धूर, तो तुम्हाला दिसला नाही, आमचा बंब तेवढा दिसला?

बरोबर होतं हो त्यांचं. म्हणूनच तर माझं काळीज फाटलं. प्रत्येकीचा बंब एकटाच होता. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीच्या बंबानं काय होतंय. यशोदाबाईंनाही आधी असंच वाटलं होतं. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले. स्नेहलनं त्यांचा दंड धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी फकिराच्या बायकोनं तिचं उरलेलं पोतं आणून पायरीवर ठेवलं, काही न बोलता. किशोरच्या आईनं अर्धं आणलं. बाकीच्यांचं आलं नाही.

परवा रथसप्तमी झाली. सकाळी यशोदाबाई माझ्याशेजारी धुण्याच्या दगडावर येऊन बसल्या होत्या. फोन वाजला. वणीहून साक्षी होती. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यांना कमी ऐकू येतं. पोरगी भराभर सांगत होती, मामाच्या दारात नवं वासरू आहे, मी टेकडीपर्यंत पळत गेले, एकदाही पंप मारला नाही. एका दमात सांगत होती. तिला एका दमात बोलताना आम्ही दोघांनी किती महिन्यांनी ऐकलं. यशोदाबाई नुसत्या मान हलवत होत्या.

मग पोरीनं विचारलं, "आजी, मी घरी कधी येऊ?"

यशोदाबाईंनी मालनबाईंच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या वरून काळा धूर वळत येत होता आणि बंद खिडकीवर जाऊन बसत होता. त्या म्हणाल्या, "थंडी हाय बाय अजून. थंडी सरली की ये."

 पोरगी अगदी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आजी, मला थंडीनं नाही होत."

 यशोदाबाईंनी फोन तसाच मांडीवर ठेवला, आणि आतून पोरगी आजी, आजी, करत राहिली.

मला आता कुणी घासत नाही. अंग हिरवं पडलंय. एखाद्या दिवशी मोडीत जाईन, त्याचं मला काही वाटत नाही. पण मालनबाई, तुम्ही भिंतीपलीकडे आहात, माझं एवढं ऐका. पोर जिवंत आहे, बरी आहे, आणि तिला घरी यायचंय. उद्या पहाटे काडी ओढायच्या आधी, तुमच्या पोत्यात काय आहे ते एकदा उघडून बघा.